होय नाही किंवा नाही नाही

वहिनींचा राग चढला तो मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर, खिडकी क्रमांक दोनसमोर. आणि तो उतरायला पुढे सतरा दिवस लागले. वहिनी म्हणजे कोणा एकाच्या वहिनी नव्हेत. इमारतीतली चौदाही बिऱ्हाडं त्यांना वहिनी म्हणत, आणि ऑफिसात हाताखालची माणसंही पाठीमागे वहिनीच म्हणत. एकवीस वर्षं त्या एका कंपनीत जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होत्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून त्यांच्या कपाळावर मधोमध एक उभी आठी कायमची पडली होती. राग आला की तिच्या शेजारी दुसरी पडायची.

काम अगदी साधं होतं. सासऱ्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायचं, सलग सहा आठवडे. आणि तीन आठवड्यांच्या आत सुरुवात झाली नाही, तर गुडघा आखडेल तो कायमचा आखडेल. तलाव घरापासून दहा मिनिटांवर. नाव नोंदवायचं, ओळखपत्र घ्यायचं, पाण्यात उतरायचं. वहिनींनी ऑफिसातून दोन तासांची सवलत मागून घेतली होती, आणि त्यातलाही एक तास वाचेल अशी त्यांची खात्री होती.

खिडकीतल्या कारकुनाने नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि मग सासऱ्यांना विचारलं, "पोहता येतं का?"

"नाही," सासरे म्हणाले. "मला नुसतं चालायचंय."

कारकुनाने 'नाही' भरलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: कृपया योग्य उत्तर भरा.

"नाही घेत नाही," कारकून म्हणाला.

"मग होय भरा," सासरे म्हणाले. त्यांना खुर्ची मिळाली नव्हती आणि गुडघा ठणकत होता.

कारकुनाने 'होय' भरलं. कृपया योग्य उत्तर भरा.

"होय पण घेत नाही."

"मग घेतं काय?" वहिनींनी विचारलं.

"काहीच घेत नाही. सिस्टीम नवीन आहे," कारकून म्हणाला. तान्हं बाळ अजून वरचं खात नाही असं सांगावं, तशा कौतुकाने म्हणाला.

त्याच्या पाठीमागच्या काचेतून तलाव दिसत होता. निळं, नितळ पाणी. त्यावर एक तरंग नाही. उंच खुर्चीवर जीवरक्षक बसला होता, गळ्यात शिट्टी, नजर पाण्यावर. सिस्टीम आली त्याला बावीस दिवस झाले होते आणि बावीस दिवसांत पाण्यात एक माणूस उतरला नव्हता. जीवरक्षक तरी रोज आठ तास त्या पाण्याची राखण करत होता.

वहिनींना चूक कळायला पाच सेकंद लागले. त्यांनी ती कारकुनाला समजावून सांगितली, कारण समोरच्याला समजावून सांगितलं की समोरच्याला समजतं, असा त्यांचा एकवीस वर्षांचा गैरसमज होता. "तुमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलंय की उत्तर 'होय' नसेल किंवा उत्तर 'नाही' नसेल, तर नाकारा. आता 'होय' भरलं, तर ते 'नाही' नसतंच. 'नाही' भरलं, तर ते 'होय' नसतं. म्हणजे काहीही भरा, नाकारणारच. तिथे 'किंवा' नको, 'आणि' पाहिजे. होयही नाही आणि नाहीही नाही, तेव्हाच नाकारायचं."

कारकुनाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, व्याकरणाच्या तक्रारी खिडकी चारला."

खिडकी चार बंद होती. तिच्यामागे कपाट उभं होतं, आणि ते आजकालचं नव्हतं.

तलावाचे अधीक्षक मात्र जागेवर होते आणि खुशीत होते. "नवी सिस्टीम आल्यापासून एक अपघात नाही," त्यांनी वहिनींना सांगितलं. "टाइल कोणी फोडली नाही, टॉवेल कोणाचा हरवला नाही. वीस वर्षांत असा महिना मी पाहिला नव्हता."

वहिनी बाहेर पडताना जीवरक्षक फाटकापाशी आला. खुर्चीवरून उतरला तेव्हा कळलं, की तो चांगला पन्नाशीचा, ठेंगणा आणि फार हळू बोलणारा माणूस होता. "तुम्ही आत जे सांगितलंत ते खरं असेल तर करा हो काहीतरी," तो म्हणाला. "महिनाअखेर नोंदणी शून्य निघाली, तर प्रतिसादाअभावी तलाव बुजवून वाहनतळ करायचा ठराव आहे. अठरा वर्षं मी पाण्याकडे बघतोय. आता काय मोटारींकडे बघू?"

एवढं ऐकल्यावर वहिनींच्या कपाळावर दुसरी आठी पडली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. दुसरा तलाव शोधू." वहिनींचा नवरा सज्जन होता, पण 'जाऊ दे' हे दोन शब्द त्याच्या तोंडून दिवसातून सात-आठ वेळा निघत, आणि प्रत्येक वेळी वहिनींच्या डोक्यात तिडीक जाई. दुसरा तलाव सतरा किलोमीटरवर होता. तिथवर गाडीत बसून जायचं, तर गुडघा आधी वाकायला हवा होता.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली आणि सल्ले यायला लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की फॉर्म सकाळी सहाला भरावा, तेव्हा मशीन ताजं असतं. समोरच्या काकांचा अनुभव असा, की उत्तरापुढे पूर्णविराम दिला की ही मशिनं ऐकतात. एकाने 'थोडं थोडं' असं भरून बघायला सांगितलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील तर मुद्दाम चष्मा घेऊन खाली आले. चौतीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी कोणतंही वाक्य एका अर्थाचं राहू दिलं नव्हतं.

"होय नाही किंवा नाही नाही," वकीलकाकांनी ते वाक्य तोंडात घोळवलं. "वहिनी, यातलं दुसरं 'नाही' हे उत्तर आहे की नकार?"

"पहिलं नकार, दुसरं उत्तर, तिसरं नकार."

"हे तुम्ही म्हणता. प्रतिवादी म्हणेल, नाही नाही म्हणजेच होय."

यावर दिवाणखान्यात पाऊण तास चर्चा झाली. त्यात सहा माणसं बोलली, आणि सहाही जणांना वाटलं की आपल्याला कळलंय, बाकीच्यांना कळत नाहीये. सगळा गलका शांत झाल्यावर सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "यात न कळण्यासारखं काय आहे? ह्यांना विचारा, पंखा लावू का. लावला तरी ओरडतात, नाही लावला तरी ओरडतात. तसं ते मशीन आहे."

बिनचूक होतं. वहिनींनी ऑफिसात नव्या मंडळींना हीच गोष्ट शिकवायला फळाभर तक्ते काढले होते. सासऱ्यांनी पंखा बंद करायला सांगितला.

गुरुवारी वहिनी पालिकेच्या मुख्य कचेरीत गेल्या. संगणक विभाग चौथ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट तिसऱ्यापर्यंत. विभागाचे साहेब एकटेच बसले होते. समोर तीन संगणक, त्यातला एक चालू.

"ते काम कंत्राटदाराचं," साहेब म्हणाले. "त्यांचं कंत्राट संपलं. काम पूर्ण झाल्याचा दाखलासुद्धा दिलाय आम्ही."

"तपासलं कोणी?"

"मी स्वतः तपासलं. चुकीचं उत्तर टाकलं, सिस्टीमने नाकारलं. चार वेगवेगळी चुकीची उत्तरं टाकली. चारही नाकारली."

"आणि बरोबर उत्तर टाकून पाहिलंत?"

साहेब दयाळूपणे हसले. "बरोबर उत्तर कशाला तपासायचं, मॅडम? ते बरोबरच असतं."

वहिनींनी टेबलाची कड घट्ट धरली. आपण सुशिक्षित आहोत, आपल्याला एक मोठी मुलगी आहे, आपल्या हाताखाली अकरा माणसं आहेत, हे त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हटलं. मग बदल करून मिळण्यासाठी काय करावं लागेल, ते विचारलं.

"किती ओळींचा बदल आहे?"

"एका ओळीतली दोन चिन्हं."

"मग ती किरकोळ दुरुस्ती झाली," साहेब म्हणाले, आणि किरकोळ दुरुस्तीचा फॉर्म पुढे केला. वहिनींनी तो भरला. दुरुस्तीचं ठिकाण: पोहण्याचा तलाव. काय बिघडलं आहे: एका अटीत 'किंवा' आहे, तिथे 'आणि' हवं.

सोमवारी तलावावर प्लंबर आला.

त्याच्याकडे पाना होता, पाइप होता, आणि वहिनींच्या फॉर्मची प्रत होती. किरकोळ दुरुस्ती म्हणजे नळदुरुस्ती हे पालिकेत सगळ्यांना माहीत होतं, फक्त वहिनींना नव्हतं. 'किंवा' नावाचा नळ कुठे आहे, असं त्याने अधीक्षकांना विचारलं. अधीक्षकांनी त्याला जीवरक्षकाकडे पाठवलं, जीवरक्षकाने वहिनींना फोन लावला. वहिनी मीटिंगमधून उठून बाहेर आल्या आणि जिन्यात उभं राहून त्यांनी प्लंबरला जावा समजावून सांगितली. प्लंबर शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "ताई, मला कळलं. पण मी काहीतरी केल्याशिवाय कागदावर सही होत नाही." आणि आंघोळीच्या खोल्यांचा मुख्य व्हॉल्व्ह त्याने असा काही आवळला, की तिथलं पाणी बंद झालं ते तीन दिवस बंद राहिलं. कागदावर सही झाली. वहिनींना संदेश आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला नवरा 'जा' एवढं म्हणाला, आणि वहिनींकडे पाहून पुढचं गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा चौथ्या मजल्यावर. साहेबांनी खुलासा केला. किरकोळ दुरुस्ती नको असेल, तर 'सुधारणा' करावी लागेल, आणि सुधारणेला किमान पन्नास ओळी लागतात. "त्याहून कमी ओळींची सुधारणा वरचे लोक गांभीर्याने घेत नाहीत," ते म्हणाले. "पण पन्नास ओळी असतील तर नागरिक-सहभाग या सदरात तुम्हालाच बसवता येईल. त्याचा शिक्का आहे माझ्याकडे. अजून एकदाही वापरला नाही."

प्रोग्रॅममध्ये अशा ओळी लिहिता येतात, ज्या मशीन वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. त्यांना टीप म्हणतात. वहिनींनी साहेबांच्या खुर्चीत बसून एकोणपन्नास ओळींची टीप लिहिली. पहिल्या दहा ओळी सभ्य होत्या. अकराव्या ओळीपासून कंत्राटदाराच्या शिक्षणाचा विषय निघाला. विसाव्या ओळीला चाचणी या शब्दाचा अर्थ होता, तिसाव्याला प्लंबर आला, आणि चाळिसाव्यानंतर वहिनींनी 'जाऊ दे' म्हणणाऱ्या सर्व पुरुषांबद्दल आपलं मत एकदाचं लिहून टाकलं. पन्नासाव्या ओळीत त्यांनी दोन उभ्या रेघांची 'किंवा'ची खूण खोडून तिथे 'आणि'ची खूण घातली.

साहेबांनी मागे उभं राहून पडदा पाहिला. "आता कसं कामासारखं काम दिसतंय," ते म्हणाले, आणि शिक्का शोधायला गेले.

इथे वहिनींनी उठायला हवं होतं. पण साहेबांना शिक्क्याची शाई सापडत नव्हती, आणि वहिनींची नजर पुढच्या ओळीवर गेली. ती ओळ वयाची होती. वय पाचपेक्षा कमी आणि पंचाहत्तरपेक्षा जास्त असेल तर प्रवेश नाकारा, असं तिथे लिहिलं होतं. पाचपेक्षा लहान आणि त्याच वेळी पंचाहत्तरपेक्षा मोठी माणसं वहिनींच्या पाहण्यात दोन-तीन होती, पण जन्मतारखेने नव्हे. म्हणजे ही अट कोणालाच कधी अडवणार नव्हती. इथे 'आणि' घातलंय जिथे 'किंवा' पाहिजे, तिथे 'किंवा' घातलंय जिथे 'आणि' पाहिजे. या गाढवाने नुसती चूक केली नाही, निवडून निवडून उलटं केलंय, असं म्हणत वहिनींनी ताडकन तीही दुरुस्त केली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त तो न पाहिलेला कंत्राटदार होता. सासरे नव्हते.

बुधवारी सकाळी नोंदणी सुरू झाली. दहा वाजेपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. होय घेतलं जात होतं, नाही घेतलं जात होतं. अधीक्षकांचा चेहरा उतरला होता. जीवरक्षकाने तेवीस वेळा शिट्टी वाजवली, आणि प्रत्येक शिट्टीनंतर तो आनंदाने इकडेतिकडे पाहत होता. सासऱ्यांनी नवी चड्डी आणि डोक्याला घट्ट बसणारी रबरी टोपी घेतली होती. टोपी ते घरूनच घालून आले होते.

"पोहता येतं का?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

पडदा पुढे सरकला. वहिनींनी श्वास सोडला. मग कारकुनाने वय भरलं, अठ्ठ्याहत्तर, आणि लाल अक्षरं उमटली: या वयास प्रवेश नाही.

"असं कसं? परवापर्यंत ही अट नव्हती," सासरे म्हणाले.

"अट होती, पण चालत नव्हती. आता चालते," कारकून म्हणाला, आणि वहिनींकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. "मॅडमनी नीट केली."

रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू सातव्या क्रमांकावर होत्या. सासऱ्यांनी टोपी काढली, नीट चार घड्या घालून खिशात ठेवली, आणि काठी टेकत फाटकाकडे निघाले. ते रागावले असते तर वहिनींना बरं वाटलं असतं.

घरी नवरा दबकत म्हणाला, "ती एक ओळ परत चुकीची करून टाक ना. कोणाला कळणारे?"

"मी चुकीचं लिहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

"तू तुझं बरोबर सांभाळ," सासरे आतून म्हणाले. "गुडघा काय, माझा आहे."

त्या रात्री वहिनी अंथरुणात छताकडे पाहत पडल्या आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचा राग आला. एकवीस वर्षं त्या नव्या मंडळींना बजावत होत्या, अट दुरुस्त करण्याआधी मूळ नियम वाचा. आणि स्वतः काय केलं? वाक्य तर्कात बसवलं आणि उठल्या. नियम कुठे वाचला होता?

सकाळी साडेनऊला त्या अधीक्षकांसमोर उभ्या होत्या. "तलावाची नियमावली दाखवा."

"ती कपाटात आहे."

"कपाट उघडा."

कपाट म्हणजे खिडकी चारमागचं. ते सरकवायला जीवरक्षक आणि कारकून दोघे लागले. नियमावली पिवळी पडली होती, पण नियम चौदा स्वच्छ वाचता येत होता: पाच वर्षांखालील किंवा पंचाहत्तर वर्षांवरील व्यक्तीस, पोहता येणाऱ्या नोंदणीकृत सोबत्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. सोबत्याशिवाय. कंत्राटदाराने तो शब्द गाळला होता, आणि त्याच्यावर एकोणपन्नास ओळी लिहिणाऱ्या वहिनींनीही गाळला होता.

चौथ्या मजल्यावर साहेबांनी पन्नास ओळी मागितल्या. वहिनींनी या खेपेला टिपेत नियम चौदा लिहिला, तोच सुवाच्य करून एकोणपन्नास वेळा लिहिला, आणि खाली अट घातली: वय पाचपेक्षा कमी किंवा पंचाहत्तरपेक्षा जास्त, आणि शिवाय सोबती नसेल, तरच नाकारा. किंवाभोवती कंस घातला. मग एका कागदावर चार वयं आणि सोबती असलेला, नसलेला, असे आठ प्रकार मांडून त्यांनी साहेबांना आठही भरून बघायला लावले. बरोबर उत्तरंसुद्धा. साहेबांना हे नवीन होतं. पाचव्या प्रकारापासून त्यांना त्यात मजा येऊ लागली.

आता प्रश्न उरला सोबत्याचा. वहिनींना पोहता येत नव्हतं. नवऱ्याला येत नव्हतं. मुलगी शिकायला परगावी. जीवरक्षकाला कामावर असताना सोबती होता येत नव्हतं. वकीलकाकांनी आपल्याला येतं असं आधी सांगितलं, मग 'येतं'ची व्याख्या करायला घेतली. मंगळवार उजाडला. डॉक्टरांच्या मुदतीतले सहा दिवस उरले होते.

संध्याकाळी सगळे बसले होते. नवरा सतरा किलोमीटरचा विषय पुन्हा काढत होता.

"मला येतं," सासूबाई बटण शिवता शिवता म्हणाल्या.

"काय येतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"पोहता."

सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. लग्नाला एकावन्न वर्षं झाली होती. वहिनी त्यांच्याबरोबर त्याच घरात बावीस वर्षं राहत होत्या.

"तुला? कधीपासून?" सासरे म्हणाले.

"नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आमच्या मागे कालवा होता. मी आणि माझा भाऊ रोज पलीकडे जाऊन यायचो. तो दमायचा, मी नाही."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस ते?"

"विचारलंत कधी?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हातातली सुई थांबली होती. "तुम्ही विचारलंत, की मीठ कमी का, चष्मा कुठे, पाहुणे कधी येणार. गेले पंधरा दिवस या घरात पोहता येतं का, पोहता येतं का, एवढंच चाललंय. वकिलांना विचारून झालं. त्या प्लंबरला विचारायचं तेवढं राहिलं. मी इथेच बसलेली आहे."

वहिनी खाली पाहू लागल्या. प्रश्न एकच होता, उत्तरं दोनच होती, आणि तो त्यांनी घरातल्या एका माणसाला केला नव्हता.

गुरुवारी सकाळी खिडकी दोनपाशी कारकुनाने सवयीने पहिल्यांदा सासऱ्यांकडे, मग वहिनींकडे पाहिलं. सासूबाईंनी हातातली पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "इकडे विचारा," त्या म्हणाल्या.

"पोहता येतं का, आजी?"

"होय."

पडदा पुढे सरकला.

सासरे उथळ बाजूने, कठडा धरून, एकेक पायरी मोजत उतरले. पाणी छातीला लागलं तसं त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. गुडघा कुरकुरत का होईना, वाकत होता. त्यांनी टोपी सारखी केली आणि सोबती कुठे आहे ते पाहिलं.

सासूबाई खोल बाजूला गेल्या होत्या. काठावर क्षणभर थांबल्या, पाय जुळवले, आणि हात पुढे करून सरळ पाण्यात शिरल्या. जीवरक्षक खुर्चीतून अर्धा उठला, शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि तशीच धरून राहिला. त्या तलावाच्या मधोमध वर आल्या आणि फारसं पाणी न उडवता, न थांबता पलीकडच्या भिंतीला हात लावून वळल्या.

वहिनी बाकावर बसून पाहत होत्या. आजच्या दोन तासांत आणखी कोणाला काय सुनवायचं, ते त्या ठरवून आल्या होत्या. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"अगं," सासऱ्यांनी कठडा न सोडता हाक मारली, "तू माझ्या सोबतीला आलीयेस ना? मग इकडे ये."

"येते," पलीकडून आवाज आला. "अजून सहा फेऱ्या राहिल्यात."